शंभरातून सात गेले, राहिले किती?

शंभरातून सात वजा करा. उरेल त्यातून पुन्हा सात. असे पाच वेळा.

वाचकहो, ही शाळेतल्या तोंडी गणिताची आठवण नव्हे. अमेरिकेतील फोल्स्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली ३० गुणांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यातला हा प्रश्न. रुग्णाचे स्मरण, अवधान, स्थळकाळाचे भान कितपत शाबूत आहे, याचा अंदाज डॉक्टरांना पाचदहा मिनिटांत यावा, एवढाच तिचा हेतू.

मनोविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भास, संशय, आरडाओरड येते. औषधाने ती थांबली की घरच्यांना हायसे वाटते. आणि मग कुरकुर सुरू होते : 'आता बरा झालाय ना? मग चार जिनसा सांगितल्या तर दोनच का आणतो? आळशी झालाय, दुसरे काय!' पण स्किझोफ्रेनियासारख्या विकारात भास ओसरल्यावरही स्मरण आणि कामाचा वेग मागे रेंगाळू शकतात. तो आळस नव्हे, हे दाखवायला चाचणी हवी. आणि ती रुग्णाला कळेल अशा भाषेत हवी.

नुसते भाषांतर करून भागत नाही, ही त्यातली मेख. मुळशी तालुकाच पाहा. एका टोकाला हिंजवडी, तिथे संगणकाच्या कंपन्या. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडची भातखाचरे. लवळ्याच्या रुग्णालयात समजा या दोन्ही टोकांचे रुग्ण एकाच बाकावर बसले, तर एकच प्रश्न दोघांना सारखाच अवघड कसा ठरावा?

शहाऐंशीतून सात गेले की आपण 'एकोणऐंशी' म्हणतो. म्हणजे सत्तरीतला आकडा ऐंशीच्या नावाने. इंग्रजीत ही कसरत नाही. मग अडखळला तो रुग्ण, की आपले अंक?

कॅनडातील स्कॉट पर्डन यांनी २००५ साली खास मनोरुग्णांसाठी पंधराएक मिनिटांची चाचणी तयार केली. तिच्यात दिलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्द अर्ध्या मिनिटात सांगायचे असतात. आता मराठीत अक्षर कोणते द्यावे? 'क' दिला तर 'कुत्रा' चालेल का? शिकलेला माणूस बाराखडी आठवून घुटमळेल. शाळेची पायरी न चढलेल्याला 'अक्षर' ही कल्पनाच परकी. (आणि कोणी 'ळ' दिलाच, तर शब्द शोधण्यात दिवाळी उलटून जाईल!) पाठ करायच्या शब्दांचेही तेच. ते नेहमीच्या वापरातले हवेत, लांबीने सारखे हवेत. असे शब्द येथे मुद्दामच देत नाही. घरोघरी पाठ झाले तर चाचणी फुकट जायची.

या वाटेने आपली माणसे पूर्वीच गेली आहेत. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसविल्या. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. पुढे हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांतील वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोल्स्टीन यांच्या चाचणीला हिंदी रूप दिले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी शब्दांऐवजी हेतू पकडला. मूळ चाचणीत एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटी सांगायची होती. त्यांनी आठवड्याचे वार उलटे विचारले. 'डोळे मिटा' हे वाचून तसे करायचे होते; वाचता न येणाऱ्यांसाठी परीक्षकानेच डोळे मिटून दाखवावेत आणि समोरच्याने अनुकरण करावे, असे ठरले. मला यातली दुसरी युक्ती फार आवडली.

तरीही काम तिथे संपत नाही. मराठी मसुदा त्रयस्थाकडून पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडावा लागतो. मग तो धडधाकट माणसांवर, शिकलेल्या आणि न शिकलेल्या, तरुण आणि म्हाताऱ्या, करून पाहावा लागतो. त्यांना किती गुण मिळतात हेच ठाऊक नसेल, तर रुग्णाचे गुण कमी की पुरेसे, हे कशावरून ठरवणार?

आणि उत्तरपत्रिकेच्या समासात काही सूचनाही लिहाव्या लागतात. 'आज तारीख काय?' असे विचारल्यावर एखाद्या आजीबाई तारीख सांगणार नाहीत. 'आज वसुबारस' म्हणतील. त्यांना शून्य देण्यापूर्वी परीक्षकाने पंचांग उघडायचे आहे.