रानडुकरांच्या बंदोबस्तास जाताना घ्यावयाची खबरदारी

भात पोटरीस येऊ लागले म्हणजे कोकणातील शेतकऱ्याची झोप उडते. चिखलात राबून उभे केलेले पीक रानडुकरांचा कळप एका रात्रीत लोळवून टाकतो. खातो त्याहून तुडवितो अधिक. अशा वेळी शेतीसंरक्षणाची बंदूक खुंटीवरून खाली येते. ती हाती घेण्यापूर्वी व घेतल्यावर कोणती खबरदारी बाळगावी, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. माझी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. बंदुकांच्या परवान्यांचे दप्तर बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्या कामात जे दिसले व जाणत्या शिकाऱ्यांकडून जे ऐकले, तेच येथे मांडीत आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. परवाना सन १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो; शिकारीस मात्र सन १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने बंदी आहे. डुकरे पिकाची नासाडी करीत असल्यास वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी घ्यावी लागते व तीतील अटी पाळाव्या लागतात. अशा परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते. मांसाची वाटणी करणे गुन्हा आहे. नुकसानीचा पंचनामा करवून भरपाई मागण्याचा मार्गही आहे, तो आधी चोखाळावा.

आता अपघाताविषयी. एक प्रकरण मला विसरता येत नाही. दोघे चुलत भाऊ रात्री राखणीस बसले होते, एक कुणग्याच्या या टोकास व दुसरा त्या टोकास. मध्यरात्रीनंतर धाकटा काही न कळविता आपली जागा सोडून मेरेवरून थोरल्याकडे येऊ लागला. भात सळसळले, थोरल्याने सळसळीच्या रोखाने बार काढला. जामिनावर सुटल्यावर तो परवान्याचे पुस्तक जमा करण्यास कचेरीत आला. टेबलापाशी उभा राहून एवढेच म्हणाला, “भाऊसायब, डुकर माका दिसलो नाय, डुकरच आसतलो असा वाटला.” त्या पुस्तकात परवान्याचे कारण ‘शेतीसंरक्षण’ असे लिहिले होते. ते अक्षर माझेच होते.

या एका वाक्यात अशा अपघातांचे मूळ आहे. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

(१) आवाजावर, हालचालीवर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर कधीही बार काढू नये. बॅटरीच्या उजेडात जनावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दिसले व त्याच्या मागे काय आहे हेही कळले, तरच चापास बोट लावावे. डुक्कर निसटले तर थोडे भात जाईल. एवढ्यापायी माणूस गमावू नये.

(२) कोण कोठे बसणार हे दिवसाउजेडी ठरवावे. एकदा बसल्यावर जागा सोडू नये. सोडणे भागच पडले तर हाक मारावी, उत्तर यावे, बॅटरी लावावी, मगच उठावे. साथीदाराच्या दिशेस नळी वळवू नये. घरी कोण कोठे गेले व केव्हा परतणार हे सांगून ठेवावे.

(३) ठासणीच्या बंदुकीस टोपी जागेवर बसल्यानंतरच चढवावी. उठताना प्रथम ती काढावी. वाटेने, मेर ओलांडताना किंवा झाडावर चढताना टोपी चढविलेली बंदूक हाती नसावी. गज नळीत घालून, बंदूक रिकामी असता तो कोठवर जातो व भरलेली असता कोठवर, अशा दोन खुणा त्यावर कराव्यात; म्हणजे भरलेल्या बंदुकीत पुन्हा दारू ठासली जाणार नाही. काडतुसातील दारू या बंदुकीत कदापि घालू नये. नळी फुटण्याचे भय असते. दारूजवळ विडी ओढू नये.

(४) टोपी फुटली व बार उडाला नाही, तर नळीत डोकावू नये. नळी मोकळ्या दिशेस धरून दोन मिनिटे थांबावे. दारू आत धुमसत असल्यास उशिरानेही बार उडतो.

(५) जखमी डुकराच्या मागे रात्री झुडपात शिरू नये. दुखावलेला नर उलटून येतो व त्याचे सुळे मांडी फाडतात. उजाडल्यावर वनरक्षकास कळवून त्याच्या सल्ल्याने शोध घ्यावा.

(६) जखम झाल्यास स्वच्छ फडके घट्ट दाबून रक्त थांबवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सुळ्याची किंवा चाव्याची जखम किरकोळ दिसली तरी साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरास दाखवावी. रेबीज व धनुर्वाताची लस लागते. फुरसे चावल्यास जखम कापू अथवा चोखू नये. रुग्णास हालू न देता रुग्णालयात न्यावे.

(७) दारू पिऊन, तापात किंवा रागात कोणीही बंदूक हाती घेऊ नये. मुलांस बरोबर नेऊ नये.

कित्येक जण या त्रासास कंटाळून शेताभोवती विजेची जिवंत तार ओढतात. तार माणूस व जनावर ओळखीत नाही. पहाटे पाणी पाहावयास निघालेला घरधनीच तीस चिकटण्याचा धोका असतो. हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे व गुन्हाही आहे.

शेवटी एक विनंती. राखणीस निघण्यापूर्वी हे सात नियम साथीदारांस एकदा मोठ्याने वाचून दाखवावेत. त्यास पाच मिनिटे पुरतात. भात पुढल्या वर्षी पुन्हा येईल. शेताकडे गेलेले माणूस मात्र त्याच पावली घरी आले पाहिजे.