पेटीवर बोट अडते तेव्हा

जिंतूर तालुक्यातल्या गावांत एकादशीचे भजन पेटीशिवाय रंगत नाही आणि पेटी वाजवणारा अनेकदा एकच असतो. त्यामुळे त्याचे बोट अडू लागले तरी त्याला सुट्टी नसते. हात बसला नाही, रियाज कमी पडला, असे समजून तो आणखी तासभर वाजवतो. घोटाळा इथेच होतो.

सकाळी अनामिका किंवा अंगठा वाकलेलाच राहतो, सरळ करताना 'कट्' होते आणि तळहातात कळ येते. हे ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारी कंडरा अरुंद बोगद्यासारख्या आवरणातून सरकते. बोगद्याचे तोंड जाड झाले की ती अडकते. मधुमेहींमध्ये हे जास्त दिसते. भाता तासन्‌तास आवळून धरला तर त्रास वाढतो. सुरुवातीला विश्रांती आणि बोट सरळ ठेवणारी पट्टी, मग गरज पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याने काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. तरीही बोट सुटले नाही, तर जागा बधिर करून तळहातावर छोटी चीर देतात आणि बोगद्याचे तोंड मोकळे करतात. ऐकायला वाटते तेवढे हे भयंकर नाही. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

मात्र त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. पेला धरताना, गुंडी लावतानाही बोट अडते, की फक्त पट्ट्यांवर आणि तेही न दुखता? फक्त पट्ट्यांवरच वळत असेल, तर बिघाड बोटात नसून मेंदूकडून बोटाला जाणाऱ्या आज्ञेत असू शकतो. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६४च्या सुमारास अशीच आत वळू लागली. त्यांनी सराव वाढवला, हात आणखी बिघडला. पुढची तीसेक वर्षे ते मुख्यतः केवळ डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवत होते. १९९०च्या दशकात बोटुलिनम इंजेक्शनांनी फरक पडला आणि २००४ मध्ये 'टू हँड्स' हा त्यांचा अल्बम आला. आजार समूळ गेला नव्हता. इंजेक्शने पुन्हा घ्यावी लागत.

ट्रिगर फिंगरच्या शस्त्रक्रियेनंतर बोटांची हालचाल लवकरच सुरू करतात. पेटी मात्र जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून. आधी दहाच मिनिटे, संथ लयीचा एखादा अभंग, भाता बोटांनी न आवळता तळहाताने दाबून. शेवटचा द्रुत गजर काही दिवस टाळकऱ्यांनी सांभाळावा.