आखाजी आणि मोबाइलची टिंगटिंग

आखाजी म्हणजे आम्हा बोदवडकडच्या लेकींचा हक्काचा सण. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आंब्याचा रस. पण त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागरही भरतात, वर डांगर ठेवतात. हसणं आणि डोळे पुसणं एकाच ओट्यावर!

२०२४ साली आखाजी १० मेला आली आणि 'मदर्स डे' १२ मेला. शेजारच्या वहिनींची आई त्याच हिवाळ्यात गेलेली. माहेरी भाऊ आईची घागर भरतोय, आणि इकडे वहिनींचा मोबाइल टिंग टिंग! आईला साडी द्या, आईला सोनं द्या. "ताई, एवढे दोन दिवस यांना गप्प नाही का हो बसवता येत?" त्या म्हणाल्या.

येतं की! इंग्लंडमध्ये ब्लूम अँड वाइल्ड नावाच्या फुलंवाल्या कंपनीनं २०१९ मध्ये गिऱ्हाइकांनाच विचारलं, मातृदिनाच्या जाहिराती नको असतील तर सांगा, आम्ही तेवढ्या पाठवत नाही. सुमारे अठरा हजार जणांनी 'नको' कळवलं. मूल नसलेल्या, मूल गमावलेल्या, आईशी अबोला असलेल्या अशा कितीतरी जणी असतात. दुकानदाराला ते कुठून कळणार? विचारल्याशिवाय नाहीच.

आपल्याकडे असं आपुलकीनं विचारणारे कमी, पण सोय आहे. 'स्टार्ट ०' असं इंग्रजीत लिहून १९०९ ला मेसेज केला की जाहिराती बंद. सगळ्या नकोत असं नसेल, तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांत वार आणि सुट्टीचे दिवसही निवडता येतात. म्हणजे इतर दिवशी सेल कळू दे, सणाला नको. (सेल कळायलाच हवा, खोटं कशाला बोलू!) बँकेचे ओटीपी थांबत नाहीत, काळजी नको. तरीही कुणी छळलं तर सात दिवसांत तक्रार करायची.

मात्र ई-मेलला हा नियम लागू नाही. तिथं पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' असतं, ते शोधावं लागतं. शिवाय बिल करताना आपण सवयीनं नंबर आणि होकार देतो, त्या दुकानाचे मेसेज १९०९ नंतरही येऊ शकतात. तो होकार वेगळा मागे घ्यावा लागतो.

वहिनींनी रसाच्या वाट्या विसळता विसळता माझ्याकडून मेसेज करून घेतला. मग म्हणाल्या, "आता तुमचाही करा." माझी आई आहे, मी म्हटलं. "म्हणून काय झालं? जेवताना तरी फोन गप्प राहील."