एसएसडी चांगली, बोर्ड चांगला. मग घोडं अडतं कुठं?

लेखमाला : तळहाताएवढा संगणक
लेखांक ७

रास्पबेरी पाय-४ ला एसएसडी जोडली. दिवा लागला, ड्राइव्ह दिसला, फोटोंचे मोठे फोल्डर कॉपी करायला टाकले आणि मध्येच सगळे थिजले. माउसचा बाण हलतो, पण कॉपीची पट्टी जागची हलत नाही. अर्ध्या मिनिटाने गाडी पुन्हा सुरू होते, जराशी पुढे सरकते, पुन्हा थांबते. असे दोन-चारदा झाले की ड्राइव्हवर काहीच लिहिता येत नाही, नुसते वाचता येते. तीच एसएसडी तशीच्या तशी विंडोजच्या लॅपटॉपला लावावी, तर सुतासारखी सरळ चालते.

मग टोलवाटोलवी सुरू होते. ड्राइव्ह विकणारा म्हणतो बोर्डात दोष आहे, बोर्ड विकणारा म्हणतो ड्राइव्हमध्ये. बहुतेक वेळा दोघांचाही माल चांगला असतो. दोष असतो या दोन वस्तूंच्या मधे: वीजपुरवठ्यात, केबलमध्ये, यूएसबी अडॅप्टरमधल्या चिपमध्ये किंवा बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये. मागच्या लेखांकात एसडी कार्ड सोडून एसएसडीकडे का जावे ते पाहिले. आज या मधल्या जागा एकेक करून तपासू. लेखातले आदेश वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरे वापरावीत.

आधी वीज

सुरुवात विजेपासून करायची, कारण वीज अपुरी पडली की तिची लक्षणे बाकीच्या सगळ्या बिघाडांसारखी दिसतात. पाय-४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून बाहेरच्या उपकरणांना जास्तीत जास्त १.२ अँपिअर देऊ शकतात. आता एसएसडी उलटी करून पाठीवरचे लेबल वाचावे. २.५ इंची साटा ड्राइव्हवर ‘५ व्होल्ट’च्या शेजारी अनेकदा एक अँपिअरहून मोठा आकडा छापलेला असतो. ड्राइव्ह नुसता बसून असताना यातली थोडीच वीज ओढतो, म्हणून तो बिनतक्रार ओळखला जातो. सलग लिहायला लागला की मागणी उसळते आणि व्होल्टेज खाली येते.

बोर्ड यावर स्वतः नजर ठेवून असतो. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची नोंद होते आणि डेस्कटॉपवर इशारा दिसतो. तो इशारा नजरेतून निसटला तरी ‘व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड’ या अर्थाचा आदेश, म्हणजे ‘व्हीसीजीईएनसीएमडी’ आणि पुढे ‘गेट_थ्रॉटल्ड’, सगळे सांगून टाकतो. उत्तरात शून्य आले तर वीज निर्दोष. ५०००० आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले होते आणि त्यापायी प्रोसेसरचा वेग रोखावा लागला होता. ५०००५ आले तर ते या क्षणीही पडलेलेच आहे. मोठी फाइल कॉपी होत असतानाच हा आदेश द्यावा. नंतर दिला तर चालू क्षणाची अवस्था कळणार नाही.

मोबाइलचा चार्जर वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. ‘६५ वॅटचा चार्जर आहे, तो कमी कसा पडेल?’ हा प्रश्न पाय-५ घेणाऱ्यांना तर पडतोच पडतो. जलद चार्जर जास्तीची वीज देतात ती व्होल्टेज वाढवून, ९ किंवा २० व्होल्टवर. ५ व्होल्टवर त्यांची मजल सहसा ३ अँपिअरपर्यंतच जाते. पाय-५ ला मात्र ५ व्होल्टवरच ५ अँपिअर लागतात. ते मिळत नाहीत असे दिसले की हा बोर्ड यूएसबी उपकरणांसाठी एकूण ६०० मिलिअँपिअरच मोकळे ठेवतो. योग्य अडॅप्टर असला तर १.६ अँपिअर. शिवाय कमी ताकदीच्या अडॅप्टरवर तो यूएसबी ड्राइव्हवरून सुरू व्हायलाच नकार देतो आणि तसा संदेश पडद्यावर दाखवतो. त्या वेळी ‘एसएसडी चालत नाही’ असा निष्कर्ष काढून ती परत करायला निघणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पाय-४ वर वीज कमी पडत असेल, तर स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे टाकावा. पण हबची एक परीक्षा घ्यावी: बोर्डाचा मुख्य अडॅप्टर काढल्यावरही त्याचा लाल दिवा जळत राहिला, तर हब उलटी वीज बोर्डात ढकलतो आहे. असा हब वापरू नये.

मधला दुभाष्या

वीज चोख असूनही काम थिजत असेल, तर संशय यूएसबी-साटा अडॅप्टरवर जातो. एसएसडी साटाची भाषा बोलते, बोर्ड यूएसबीची. दोघांमधली देवाणघेवाण अडॅप्टरच्या केसिंगमधली एक छोटी चिप करते. तिला ब्रिज म्हणतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या केसिंगवर नाव कोणाचेही असो, आत चिप बहुधा जेमायक्रॉन, एएसमीडिया, रिअलटेक अशा मोजक्या तैवानी कंपन्यांचीच निघते. सारख्या दिसणाऱ्या दोन केसिंगमध्ये दोन वेगळ्या चिपा असू शकतात, म्हणून ‘मित्राची चालली, माझी का चालत नाही’ हा प्रश्न उरतो.

या चिपा बोर्डाशी दोन पद्धतींनी बोलू शकतात. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा जाते. ती पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही. नव्या पद्धतीचे नाव यूएएस. तिच्यात अनेक आज्ञा एकदम रांगेत लावता येतात, त्यामुळे वेग वाढतो. अडचण अशी की काही ब्रिज चिपांचे फर्मवेअर यूएएस येत असल्याचे सांगते आणि कामाचा भार पडला की गोंधळते. आज्ञेचे उत्तर येत नाही. लिनक्स सहसा ३० सेकंद वाट पाहतो, मग आज्ञा रद्द करून उपकरण नव्याने सुरू करतो. सुरुवातीला पाहिलेली अर्ध्या मिनिटाची थिजण्याची लय येते ती इथून. हे वारंवार झाले की फाइल-व्यवस्था स्वतःला वाचवण्यासाठी लिहिणे बंद करते.

खात्री करून घेणे सोपे आहे. ‘डीमेसेज’ म्हणून ओळखला जाणारा ‘डीएमईएसजी’ हा आदेश दिला की लिनक्सची रोजनिशी उघडते. तिच्यात ‘यूएएस’ आणि ‘अबॉर्ट’ हे शब्द एकाच ओळीत पुन्हा पुन्हा आले, तर चोर सापडला. ‘एलएसयूएसबी’ हा आदेश प्रत्येक उपकरणासमोर अपूर्णविरामाने जोडलेले दोन क्रमांक दाखवतो. पहिला कंपनीचा, दुसरा वस्तूचा. १५२डी ही जेमायक्रॉनची खूण, १७४सी ही एएसमीडियाची.

उपाय एका ओळीचा आहे. ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ या फाइलमध्ये आहे त्याच ओळीत, एक जागा सोडून, ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू’ एवढे जोडायचे; अर्थात ‘एलएसयूएसबी’ने दाखवलेले आपले क्रमांक घालून. शेवटचे ‘यू’ लिनक्सला सांगते की या उपकरणाशी यूएएसने बोलू नकोस. त्या फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत राहायला हवा. एंटर दाबून नवी ओळ केली, तर जोडलेला भाग विचारातच घेतला जात नाही. ही फाइल पूर्वी ‘बूट’ फोल्डरमध्ये असे; रास्पबेरी पायच्या लिनक्सच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती ‘बूट’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली आहे. जुनी माहिती वाचून भलत्याच जागी बदल करणारे इथेच अडकतात.

या बदलाने थोडा वेग जातो. तरीही पाय-४ चे एसडी कार्ड सेकंदाला जेमतेम ४०-४५ एमबीच्या आसपास रेंगाळते, त्यापेक्षा एसएसडी कितीतरी पुढे राहते. आणि हा काही आडमार्ग नव्हे. अशा हट्टी उपकरणांची यादी लिनक्सच्या गाभ्यातच ठेवलेली आहे. आपले केसिंग त्या यादीत नाही, म्हणून ते काम हाताने करावे लागते.

निळे पोर्ट आणि हरवलेले वाय-फाय

पाय-४ वर दोन पोर्ट निळे आणि दोन काळे आहेत. निळे यूएसबी ३, काळे यूएसबी २. ‘एलएसयूएसबी’ला ‘-टी’ जोडले की झाडासारखी आकृती येते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वेग दिसतो. तिथे ५०००एम असेल तर ठीक. ४८०एम दिसले, तर ड्राइव्ह काळ्या पोर्टात तरी आहे, नाहीतर केबल जुन्या जातीची किंवा सैल आहे. त्याच ओळीत चालक ‘यूएएस’ आहे की ‘यूएसबी-स्टोरेज’ हेही लिहिलेले असते. म्हणजे वरचा उपाय लागू झाला की नाही, तेही कळते.

एसएसडी जोडल्याबरोबर वाय-फाय मंदावणे किंवा वायरलेस माउस अडखळणे ही तक्रारही खरी आहे. यूएसबी ३ च्या संदेशवहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढले होते. घरातले दिवे आणि सेन्सर झिगबी डोंगलवर चालवणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण झिगबीही त्याच पट्ट्यात बोलते. डोंगल काळ्या पोर्टात, लांब एक्स्टेन्शन केबलवर लावावा. एसएसडीची केबल चांगल्या आवरणाची घ्यावी. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे.

सुरूच होत नाही तेव्हा

ड्राइव्ह साठवणीसाठी नीट चालतो, पण त्यावरून बोर्ड सुरू होत नाही, ही तक्रार निराळी. पाय-४ बाजारात आला जून २०१९ मध्ये, आणि यूएसबीवरून सुरू होण्याची सोय त्याच्या स्थिर फर्मवेअरमध्ये २०२० साली आली. तेव्हा कपाटात पडून राहिलेला जुना बोर्ड बाहेर काढला असेल, तर आधी एसडी कार्डावरून सुरू करून ‘आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट’ चालवावे. सुरू होण्याचा क्रम एका छोट्या संख्येत लिहिलेला असतो. पाय-४ वर तिची अखेरची चिन्हे एफ, ४, १ अशी असतात आणि ती उजवीकडून वाचायची. आधी १, म्हणजे एसडी कार्ड. मग ४, म्हणजे यूएसबी. शेवटी एफ, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कार्ड खाचेत राहिले, तर बोर्ड गुपचूप कार्डावरूनच सुरू होतो आणि वेग का वाढला नाही, याचे कोडे पडते.

पाय-५ आणि एनव्हीएमई

२०२३ च्या पाय-५ मध्ये यूएसबीचा वळसा टाळून एनव्हीएमई ड्राइव्ह थेट पीसीआयईला जोडता येतो. इथे पहिली चूक खरेदीतच होते. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा ड्राइव्हही मिळतात आणि एनव्हीएमईच्या हॅटवर, म्हणजे पायवर बसणाऱ्या जोड-बोर्डावर, ते कधीच चालणार नाहीत. दुसरी चूक लांबीची. मे २०२४ मध्ये आलेली अधिकृत एम.२ हॅट-प्लस २२३० आणि २२४२ याच मापांची आहे. लॅपटॉपातून निघणारा २२८० मापाचा लांब ड्राइव्ह तिच्यावर बसत नाही. त्यासाठी इतर कंपन्यांचे बोर्ड घ्यावे लागतात.

ड्राइव्ह बरोबर असूनही ‘एलएसपीसीआय’च्या यादीत दिसत नसेल, तर चपटी रिबन केबल काढून पुन्हा बसवावी, ती एका बाजूने किंचित तिरकी बसली तरी संपर्क तुटतो. हॅट-प्लस नसलेल्या बोर्डांना ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये पीसीआयई चालू करण्याची ओळ हाताने लिहावी लागते. आणि वेगाच्या हौसेने पीसीआयईचे ‘जेन ३’ लावले असेल, तर ते काढून पाहावे. पाय-५ प्रमाणित आहे तो जेन २ साठी. जेन ३ अनेकांकडे चालते, काहींकडे अधूनमधून चुका करते. जेन २ वरही सेकंदाला ४०० एमबीच्या पुढे वेग मिळतो, आणि घरच्या सर्व्हरला तो पुरून उरतो.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी विजेचा अडॅप्टर, मग केबल, मग यूएएस, मग फर्मवेअर. चारही एकदम बदलले तर ड्राइव्ह चालू होईल, पण बिघाड कशात होता ते कळणार नाही आणि नसता खर्च होईल. नवी एसएसडी आठवडाभर विनातक्रार चालेपर्यंत जुने एसडी कार्ड पुसू नये. पुढच्या लेखांकात यूएसबीवरच्या एसएसडीला ट्रिम कसे लावायचे आणि रोजचा बॅकअप आपोआप कसा घ्यायचा, ते पाहू. त्याआधी वाचकांनी आपल्या केसिंगचे दोन क्रमांक ‘एलएसयूएसबी’ने काढून लिहून ठेवावेत; ट्रिमच्या वेळी ते पुन्हा लागणार आहेत.