अंगणातील वृक्ष आणि खिडकीतील कुंडी : निवड व निगा

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की रोपवाटिकांमधून गर्दी होऊ लागते. शाळा, ग्रामपंचायती, गृहनिर्माण संस्था आणि हौशी कुटुंबे रोपे घेऊन जातात. आपल्या देशात वनमहोत्सवाची प्रथा १९५० च्या जुलै महिन्यात तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केली. मुन्शी हे सुरतेच्या शेजारच्या भडोचचे. त्या वर्षापासून आजपर्यंत झाडे लावण्याचा उत्साह ओसरलेला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु रोप लावण्यापूर्वी ते कोठे लावावयाचे, त्याला किती जागा व किती पाणी लागेल आणि त्या घरात कोण राहते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. या अविचाराची किंमत पाच-दहा वर्षांनी मोजावी लागते. शोभेच्या वृक्षांची व घरातील कुंड्यांची निवड कशी करावी आणि त्यांची निगा कशी राखावी, याची माहिती सुरत शहराच्या उदाहरणावरून या लेखात देण्याचा विचार आहे.

सुरतेचेच उदाहरण का?

सुरत आणि मराठी मुलूख यांचा संबंध जुना आहे. जी तापी भुसावळवरून वाहते तीच सुरतेवरून समुद्राला मिळते. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे कापडधंद्याच्या आश्रयाने सुरतेस गेली व उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. शेतीवाडी मागे राहिली, तरी दारात तुळस आणि अंगणात एखादे झाड असावे ही ओढ त्यांच्यासोबत गेली. आज त्यांपैकी कोणी एका खोलीत राहतो, कोणी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, तर कोणी छोट्या अंगणाच्या घरात. महाराष्ट्रातील वाढत्या गावांतही हीच स्थिती असल्याने सुरतेचा अनुभव आपणा सर्वांस उपयोगी पडावा.

सुरतेची जमीन काळी, चिकण आणि कापसाला मानवणारी आहे. जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण ‘संकर-४’ १९७० मध्ये येथील संशोधन केंद्रातच तयार झाले. ही जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. समुद्राच्या बाजूस भूजलात खारेपणा आढळतो. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. जमीन, पाणी व पूर या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवून येथे झाड निवडावे लागते.

झटपट हिरवाईचा धडा

गेल्या काही वर्षांत सुरतेसह गुजरातच्या अनेक शहरांत रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणांलगत कोनोकार्पस नावाचे विदेशी झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते भराभर वाढते, बारमाही हिरवे राहते, खारे पाणी व कडक ऊन सोसते आणि गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. इतके गुण एकत्र पाहून कोणालाही मोह पडावा. पुढे त्याच्या मुळांमुळे भूमिगत तारांचे व सांडपाण्याच्या नळांचे नुकसान होते, तसेच हिवाळ्यातील त्याच्या परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा यांचा त्रास होतो, अशा तक्रारी पुढे आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वन विभागाने वनक्षेत्रात व वनक्षेत्राबाहेरही या झाडाच्या लागवडीस मनाई केली. काही वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते या झाडावर ठेवलेला दोष अतिरंजित आहे. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. घरमालकाच्या दृष्टीने धडा एवढाच की, जे झाड सर्वांत लवकर वाढते ते आपल्या भिंतीशेजारी लावण्याआधी त्याची मुळे कोठवर जातील हे विचारून घ्यावे. लावलेले झाड पुढे काढावे लागणे यासारखी दुःखाची आणि खर्चाची दुसरी गोष्ट नाही.

अंगणासाठी वृक्ष

वड, पिंपळ, उंबर हे वृक्ष पूज्य आहेत, पण त्यांची जागा गावठाणात, पारावर किंवा नदीकाठी आहे. घराच्या भिंतीत त्यांचे रोप उगवल्यास ते लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागी लावावे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची शोभा वादातीत असली तरी मुळे वरवर पसरतात व फांद्या ठिसूळ असतात. वादळात तो छपरावर किंवा विजेच्या तारांवर कोसळण्याचा धोका असल्याने घरापासून दूर असलेला बरा.

छोट्या अंगणास पारिजातक उत्तम. तो भिंतीपासून दोन मीटरवर लावला तरी चालतो व पावसाळ्याच्या अखेरीस रोज पहाटे सडा घालतो. कांचन आणि बहावा यांना तीन ते चार मीटर अंतर द्यावे. बहावा सावकाश वाढतो, परंतु एकदा रुजला की कडक उन्हाळ्यात, इतर झाडे सुकलेली असताना, पिवळ्या घोसांनी लगडतो. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण ओल सोसणारा आहे, म्हणून पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तो निःशंक लावावा. अंगण मोठे असून पुराचे पाणी येत असल्यास करंज, कदंब, जांभूळ किंवा अर्जुन यांचा विचार करावा. सोनचाफ्याच्या मुळांशी मात्र पाणी साचता कामा नये. त्यास उंच वरंब्यावरच जागा द्यावी.

येथे एका नावाच्या गोंधळाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. सुरतेत दारावरील तोरणासाठी ज्याची पाने वापरतात त्या सरळसोट झाडास गुजरातीत आसोपालव म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ लोक त्यालाच अशोक समजतात. खरा अशोक तो सीताअशोक. त्यास वसंतात शेंदरी-लाल फुलांचे गुच्छ येतात, थोडी सावली व ओलावा मानवतो, आणि निसर्गात त्याची संख्या घटत चालली आहे. रोपवाटिकेत मागताना ‘सीताअशोक’ असे स्पष्ट म्हणावे. ज्यांच्याकडे अर्धवट सावलीचे अंगण आहे त्यांनी हे एक झाड जरूर लावावे.

लागवड व पहिली तीन वर्षे

लहान वृक्षासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी साठ सेंटिमीटर असा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. काळ्या चिकण जमिनीत एक धोका असतो. खड्ड्यातील माती भुसभुशीत आणि भोवतालची जमीन घट्ट, त्यामुळे पावसात खड्ड्याचा हौद होतो व रोप कुजते. यासाठी खड्डा जमिनीच्या वरपर्यंत भरून रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. रोपास काठीचा आधार द्यावा, मात्र सुतळी सैल बांधावी. आळे बुंध्याला चिकटून न करता थोडे दूर करावे आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा रोप रुजल्यावर चार-आठ दिवसांनी भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. दोन ते तीन उन्हाळे ही काळजी घेतली की देशी झाड पुढे आपली व्यवस्था आपण पाहते.

घरातील कुंड्या

ज्यांना अंगण नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. प्रथम प्रकाश पाहावा. दुपारी दिवा न लावता खिडकीजवळ वर्तमानपत्र सहज वाचता येत असेल तर तेथे मनीप्लँट, स्नेक प्लँट, स्पायडर प्लँट व अरेका पाम तग धरतात. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यात पाने भाजतात, तेथे पातळ पडदा असावा. सुरतेच्या दमट हवेत नागवेल सावलीच्या गॅलरीत छान वाढते व पानही मिळते. तुळस व कोरफड यांना ऊन हवे. तुळस घराच्या आत फार दिवस टिकत नाही. तिच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्यास ती डेरेदार होते.

निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये, ती दगडासारखी घट्ट बसते. पोयटा माती, शेणखत अथवा गांडूळखत आणि वाळू किंवा नारळाचा भुसा हे समभाग घ्यावेत. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा. घरातील बहुतेक झाडे तहानेने न मरता अति पाण्याने मरतात. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे व माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खालची पाने पिवळी आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झाले असे समजावे. पानांची टोके करपून कुंडीवर पांढरा थर दिसू लागल्यास पाणी क्षारयुक्त आहे. अशा कुंड्या पावसात ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत. पिठ्या ढेकूण दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात असे जाहिरातींतून सांगितले जाते. त्याचा आधार १९८९ मधील एका अमेरिकन प्रयोगाचा आहे. तो प्रयोग बंदिस्त पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा खिडकीतून सहज होणाऱ्या हवेच्या खेळत्या अभिसरणापुढे चार-दोन कुंड्यांचा परिणाम नगण्य असल्याचे दिसून आले. कुंडी मनाच्या प्रसन्नतेसाठी ठेवावी आणि हवेसाठी खिडकी उघडावी.

मुले, गुरे आणि डास

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने उधन्यातील एका नातेवाइकांच्या नव्या घरी डिफेनबाखियाची एक सुंदर, पांढऱ्या ठिपक्यांची कुंडी भेट दिली. आठ दिवसांनी त्यांच्या दोन वर्षांच्या नातीने त्याचे पान चावले. तिचे ओठ व जीभ सुजली आणि तिला रात्री डॉक्टरांकडे न्यावे लागले. सुदैवाने मूल दुसऱ्या दिवशी हसूखेळू लागले. या झाडाच्या रसात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, हे भेट देणाऱ्यास ठाऊक नव्हते आणि विकणाऱ्याने सांगितले नव्हते. मनीप्लँटमध्येही तसेच स्फटिक असतात, म्हणून त्याचा वेल मुलांच्या हाती लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावा. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग विषारी असून बिट्टीच्या बिया प्राणघातक ठरू शकतात. शाळेच्या व अंगणवाडीच्या आवारात तसेच गोठ्याजवळ ही झाडे लावू नयेत, याकडे शिक्षक बंधुभगिनींनी कृपया लक्ष द्यावे.

दुसरा धोका कुंडीखालील ताटलीचा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत सुमारे आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी कोरड्या कडेवरही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ताटल्या रिकाम्या कराव्यात व घासून पुसाव्यात. बाटलीतील मनीप्लँटचे पाणीही त्याच दिवशी बदलावे. १९९४ च्या प्लेगच्या साथीनंतर स्वच्छतेसाठी देशभर नाव मिळविणाऱ्या सुरतेच्या रहिवाशांना हे अधिक सांगणे नलगे.

समारोप

रोपाविषयी शंका असल्यास जवळच्या कृषी विद्यापीठाचा किंवा सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेचा सल्ला घ्यावा. सुरतेच्या रहिवाशांना नवसारी येथील कृषी विद्यापीठ जवळ आहे. रोप विकत घेताना पुढील चार प्रश्न विचारावेत : हे पूर्ण वाढल्यावर केवढे होईल? याच्या मुळांना किती जागा लागेल? यास पाणी साचलेले चालते काय? याचे पान अथवा बी मुलाने खाल्ले तर काय होईल? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर लावलेले एकच झाड, न विचारता लावलेल्या दहा झाडांहून अधिक काळ टिकेल. येत्या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने असे एक रोप लावावे व त्याची तीन वर्षे निगा राखावी, अशी विनंती आहे.