डोंगर कथानक ठरवतो तेव्हा

गो. नी. दांडेकरांच्या डोंगरातल्या कादंबऱ्यांतून डोंगर काढून घेतला, तर हातात गोष्टच उरत नाही. मराठीत सह्याद्रीची वर्णनं पुष्कळांनी केली. पण सह्याद्रीला कथानक ठरवू देणारा कादंबरीकार म्हणून मला गोनीदांचंच नाव आधी आठवतं.

‘माचीवरला बुधा’ घ्या. माची म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालचं सपाट अंग. कादंबरीतली माची राजमाची किल्ल्याची; तिथे श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, त्यांच्या पोटाशी उधेवाडी, आणि कड्याखाली उल्हास नदीचं खोरं. मुंबईत जीव न रमलेला म्हातारा बुधा इथे परततो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीनं एकटा राहतो. पाणी, थोडी माती आणि वस्तीपासूनचं अंतर हे तिन्ही माचीवर एकत्र सापडतं, म्हणून त्याचं एकटेपण खरं वाटतं. नुसत्या सुळक्यावर हा माणूस जगला नसता आणि गावात त्याला असं एकटं राहू दिलं नसतं. गोनीदांची माझ्या लेखी सर्वांत उत्तम कादंबरी हीच. तिच्यात घडतं फार थोडं, तरी पान सोडवत नाही.

‘जैत रे जैत’मध्ये तर वैर मधमाश्यांशी आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावरची आग्या मोहोळं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातली धग लगेच कळेल. आग्या माश्या उंच कड्याच्या पोटाला उघडंच पोळं लावतात, डिवचलं तर झुंडीनं तुटून पडतात. मध काढायचा तर धुरी करायची, दोराला लोंबकळायचं आणि दोर धरणाऱ्या माणसावर भरवसा टाकायचा. ढोल वाजवणारा नाग्या राणीमाशीच्या मागे लागतो, तेव्हा ठाकर आदिवासींची ही जोखीम आणि लिंगोबाच्या डोंगरावरची श्रद्धा एकाच दोराला बांधलेली असते. जब्बार पटेलांचा १९७७ चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो, कादंबरी मात्र वाचलेली नसते, याची मला खंत वाटते.

‘पवनाकाठचा धोंडी’ वारशाचा प्रश्न सरळ विचारते. धोंडी तुंग किल्ल्याचा हवालदार. राज्य गेलं, फौज गेली, तरी घराण्याकडे आलेला गडाचा मान तो सांभाळतो. या मानाचं ओझं वाहणाऱ्या माणसाचं घरात काय होतं, हे गोनीदा दाखवतात. गडांच्या इतिहासाची पुस्तकं हे सांगत नाहीत. पुढे पवना नदीवर धरण झालं आणि त्या खोऱ्यातली शेतं, वाटा पाण्याखाली गेल्या. त्यामुळे आज ही कादंबरी त्या मावळाचा दस्तऐवजही झाली आहे.

हे सगळं त्यांना जमलं ते पायांमुळे. गोनीदा जन्मले १९१६ साली विदर्भात, परतवाड्याला. कोवळ्या वयात घर सोडलं, गाडगेबाबांचा सहवास मिळाला, नर्मदेची परिक्रमा केली, मग तळेगाव दाभाड्याला राहून आयुष्यभर गड हिंडले. म्हणजे सह्याद्री त्यांना जन्मानं मिळाला नव्हता. बाहेरून आलेल्याचं अपार प्रेम त्यांच्या लेखनात आहे आणि त्या प्रेमामुळे डोंगरातल्या दारिद्र्याची धार कुठे कुठे बोथट होते, हेही म्हटलं पाहिजे. राब भाजून नाचणी-वरई पिकवणाऱ्या घरात वाढलेली एखादी ठाकर किंवा महादेव कोळी लेखिका हाच डोंगर लिहील, तेव्हा तिची कादंबरी बहुधा सावकाराच्या वहीपासून किंवा आटलेल्या झऱ्यापासून सुरू होईल. ती मला वाचायची आहे, आणि तिच्या शेजारी बुधा पुन्हा एकदा.