अख्खं विमान नको, वीतभर पुरे!

विमानाचा फोटो म्हटलं की तुमच्या मोबाइलमध्ये काय असतं? निळं आकाश आणि मधोमध एक पांढरा ठिपका! झूम केलं की ठिपक्याचा डाग होतो. मग कुणीतरी सांगतं, 'विमानांचे फोटो काढायचे तर भलीमोठी लेन्स लागते.' तिची किंमत ऐकली की आपण गुपचूप सूर्यास्ताचे फोटो काढायला लागतो.

मीही त्यातलीच. पण मागच्या सुट्टीत आमचा ग्रुप गोव्याला गेला, तेव्हा माझ्याकडे मित्राचा उसना कॅमेरा होता आणि त्यावर ५० एमएमची साधी लेन्स. सगळे बीचवर गेले. मी गेले दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर असलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात. तिथं विमानं उघड्यावर उभी आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये 'आयएनएस विक्रांत'वरून ज्या जातीच्या विमानांनी हल्ले केले, ते 'सी हॉक' आहे. पाणबुड्या शोधणारं 'अलीझे' आहे. आणि तीन शेपट्यांचं अवाढव्य 'सुपर कॉन्स्टेलेशन'! आधी एअर इंडियात प्रवासी, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात, अशा तीन नोकऱ्या करून ते निवृत्त झालंय.

पाण्याची टाकी आहे का?

पहिल्या दिवशी मी लेन्स एफ १.८ वर ठेवली आणि दिसेल त्याला चिकटले. मागचं सगळं मस्त ब्लर! दीडेकशे फोटो काढले. रात्री रूमवर मैत्रिणीला दाखवले. तिनं एकेक फोटो सरकवला आणि विचारलं, "हे काय आहे गं? पाण्याची टाकी?"

जाम राग आला. पण तिचं बरोबर होतं. फोटोत एक रिव्हेट लख्ख दिसत होता, बाकी नुसता करडा धूर. ते विमान आहे, हे फक्त मलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी होती. सकाळी कसाबसा तासभर मिळणार होता. त्या रात्री मी झोपायच्या आधी एकच गोष्ट नीट समजून घेतली: डेप्थ ऑफ फील्ड.

अर्धी वीत, वीत आणि हात

फोटोत पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो, ती डेप्थ ऑफ फील्ड. ती कमी झाली की पुढचं-मागचं धूसर होतं. नेहमीचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएमची लेन्स आणि दोन मीटरवरची वस्तू धरा. एफ १.८ वर साधारण ११ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत स्पष्ट दिसेल. एफ ४ वर वीतभर. एफ ८ वर जवळपास हातभर. आणि मी पहिल्या दिवशी केलं तसं ४० सेंटिमीटरवर नाक खुपसून एफ १.८ वापरलं, तर उरतात जेमतेम चार मिलिमीटर! टाकी दिसणारच.

आता उलटा हिशोब बघा. त्याच कॅमेऱ्यावर ३०० एमएमची लेन्स, एफ ५.६ आणि अर्ध्या किलोमीटरवरून उडणारं विमान. तिथं ३०० मीटरपासून किलोमीटरच्या पुढपर्यंत सगळंच स्पष्ट येतं. म्हणजे महागडी लेन्स असूनही आकाशातल्या विमानाला हा ब्लर मिळत नाही. तो मिळतो जवळ गेल्यावर, उभ्या विमानापाशी. इथं आपली साधी लेन्स भाव खाऊन जाते.

तो एक तास

सकाळी मी कॅमेरा पंधरा मिनिटं बॅगेतच ठेवला आणि फक्त फिरले. प्रत्येक विमानापाशी स्वतःला दोन प्रश्न विचारले. यातलं काय स्पष्ट दिसायला हवं? आणि धूसर झालं तरी काय ओळखू येईल?

'सुपर कॉन्स्टेलेशन'पाशी उत्तर सापडलं. त्याच्या तीन शेपट्या कितीही धूसर करा, ओळखू येतातच. मी पंखाच्या मागे, विमानाच्या पोटाला धरून उभी राहिले. दोन मीटरवरच्या रिव्हेटच्या ओळीवर फोकस केला. ऊन-पावसानं तिथला रंग पार विटला होता. एफ ४ ठेवलं. फ्रेममध्ये वीतभर पत्रा लख्ख दिसत होता, तिथून विमानाचं अंग हळूहळू विरघळत मागं जात होतं आणि शेवटी तीन मऊ सावल्या.

गाडीत मैत्रिणीला तो फोटो दाखवला. ती म्हणाली, "किती म्हातारं झालंय गं हे विमान!" दीडशे फोटोंत जे आलं नव्हतं, ते एका फोटोत आलं.

मोबाइल आहे? चालेल!

मोबाइलचा सेन्सर छोटा, त्यामुळे दोन मीटरवरून काढलं की बहुतेक सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोडमधला ब्लर सॉफ्टवेअर करतं आणि विमानापाशी ते हमखास गडबडतं. वेग मोजणारी पिटो ट्यूब, अँटेनाची तार, पंख्याचं पातं असं काहीतरी कापून टाकतं. त्यापेक्षा साध्या मोडमध्ये वस्तूच्या अगदी जवळ जा आणि मागचं विमान लांब राहील असं उभे राहा. थोडा पण खरा ब्लर मिळेल.

हे करून बघा

• मध्ये जाळी आहे? लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अपर्चर मोठं ठेवा. जाळी फोटोतून गायब होते.

• मागे फलक आणि सेल्फी घेणारी गर्दी आहे? खाली बसा. आकाश किंवा दुसऱ्या विमानाचा आकार मागे येऊ द्या.

• एकच फ्रेम एफ १.८, ४ आणि ८ वर काढा. कुठला निवडायचा ते घरी मोठ्या स्क्रीनवर ठरवा.

• पंख्याचं विमान उडत असेल तर हा नाद सोडा. भर उन्हात अपर्चर मोठं केलं की शटर एक हजारांशाच्याही पुढं पळतं, पातं गोठतं आणि विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. तिथं शटर १/१२५ च्या आसपास आणा.

गोवा लांब पडतं? मुंबईकरांनो, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 'मारुत' उभं आहे, भारतातच आराखडा आखून बनवलेलं पहिलं लढाऊ जेट. पण एक पथ्य पाळा. फोटोची परवानगी आहे का ते आधी गेटवर विचारा आणि चालू विमानतळ किंवा लष्करी तळाकडे कॅमेरा वळवू नका. दाबोळीची धावपट्टीही नौदलाच्या तळावरच आहे.

फोटो काढून झाले की ज्याला विमानातलं काहीही कळत नाही, अशा मित्राला दाखवा. तो 'टाकी' म्हणाला तर दोन पावलं मागं या आणि पुन्हा क्लिक करा!